वरचा पाइप

“वैजू, ह्यातला कुठला घ्यायचा, तू सांग.”

आबांनी असं म्हटलं आणि इब्राहिमभाईंच्या दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडं वळून बघायला लागली. फरशीवर दोन रेडिएटर भिंतीला टेकवून उभे केले होते. एक तांब्या-पितळेचा, लालसर, एकट्यानं उचलायचा म्हटलं तर कंबर धरावी असा जड. दुसरा अॅल्युमिनियमचा, पांढरा, हलका, वर आणि खाली काळ्या प्लास्टिकची टाकी बसवलेला. मी डोक्यावरचा पदर सावरत दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. ट्रकच्या नाकात बसून इंजिनाचं पाणी गार करणारी ही वस्तू, एवढंच मला ठाऊक. तेही आबांच्या घरात नांदायला आले म्हणून.

“मी काय सांगणार, आबा? तुम्हीच बघा की.”

“न्हाई. तूच सांग.”

आबा म्हणजे माझे सासरे. कराडला कोल्हापूर नाक्याच्या अलीकडं त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. गळक्या रेडिएटरांना कथलाचा डाग देऊन सांधण्यात त्यांचा जन्म गेला. कोकणात उतरणारे, कोकणातून वर येणारे ड्रायव्हर रस्त्यावरूनच त्यांना हाका मारायचे. गुडघे धरले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, पण कथील, तेजाबाची बाटली आणि डाग द्यायचं लोखंड घरी आणून पडवीत मांडलं. गावातली कुणाची घागर गळाली, कुणाचा बंब फुटला, तर माणसं पडवीत यायची. असा हा माणूस त्या दिवशी दोन रेडिएटरांकडं पाठ करून, रस्त्यावरची रहदारी बघत उभा होता. आणि निवड मला करायला सांगत होता.

इब्राहिमभाई शिकलगार आबांचे जुने मित्र. त्यांना माझी कीव आली असावी. ते मला समजावून सांगायला लागले, “हे बघ बेटा, आता समदे हा पांढराच नेतात. हलका असतो, लवकर गार करतो. पण एकदा फुटला की फेकायचा. ह्याला डाग बसत नाही. तांब्याचा जड खरा, पण गळला तर सांधता येतो. दोन्ही चांगले. घरात सांधणारा माणूस असल्यावर—” एवढं बोलून त्यांनी आबांच्या पाठीकडं बघितलं.

माझ्या नवऱ्याचं नाव हणमंत. त्या वेळी मी त्यांचं नाव घेत नसे. आता घेते. घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही.

हणमंत स्वतःची गाडी स्वतः चालवायचे. पुढं लांब नाक असलेला जुन्या धाटणीचा ट्रक होता आमचा. इकडून कांदा, गूळ, भुसा घेऊन खाली चिपळूणला जायचे आणि येताना जांभा दगडाचे चिरे भरून आणायचे. दिवाळी चार दिवसांवर आली होती. चिऱ्यांनी भरलेली गाडी घेऊन ते कुंभार्ली घाट चढत होते. धुकं उतरलं होतं. एका वळणावर त्यांनी गाडी कठड्याकडं नाक करून कडेला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, नाक उघडलं आणि पुढं उभं राहून रेडिएटरात पाणी ओतायला लागले. मागून आलेल्या टँकरच्या ड्रायव्हरला धुक्यात उभी गाडी दिसली नाही. दगड मागं सरकू नये म्हणून लावले होते. गाडी पुढं गेली.

यापुढचं मी सांगणार नाही.

पोलिसांचं सगळं आटोपल्यावर गाडी गावाबाहेरच्या बाजीराव फिटरच्या शेडमध्ये ओढून आणली. नाकाचा चेंदामेंदा झाला होता. रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, पुढची जाळी, काही शिल्लक नव्हतं. मी एकदाच लांबून बघितली आणि घरी येऊन म्हटलं, “आबा, ती गाडी भंगारात घाला. मला ती रस्त्यावर दिसायला नको.” माझा भाऊ सर्जेरावही तेच म्हणाला. तो स्वतः ड्रायव्हर, पण त्या गाडीला हात लावायला त्याचंही मन होईना.

आबा त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हते. पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास खायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. पण त्या बोलण्यावर ते उठून बसले.

“गाडी उभी करायची,” ते म्हणाले. “सर्जा चालवंल. तुझ्या नावावर हाय ती आता. तुला कुणाच्या दारात उभं ऱ्हायला लागू नये.”

“मला नको आबा. मी शिलाई करीन, पोरीला वाढवीन.”

“कर की. शिलाई कर आणि गाडी पण उभी कर.”

पत्रेकाम झालं, रंग झाला. आणि संक्रांतीनंतर एका सकाळी आबा म्हणाले, “तयार हो, कराडला जायचंय. सामान आणायचंय गाडीचं.” मी म्हटलं, मी कशाला, बाजीरावला न्या. तर म्हणाले, “न्हाई. तू चल.”

हणमंत गेल्यानंतर मी पहिल्यांदाच बाजाराला चालले होते. वडापच्या जीपमध्ये ओळखीच्या बायका होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. रस्ताभर त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं, आपण नुसतं सोबत जायचं, पिशवी धरायची. आणि इथं येऊन बघते तर हे असं.

रेडिएटरचं नक्की होईना, तसं इब्राहिमभाई म्हणाले, “बरं, तो राहू दे बाजूला. पंप बघू.” त्यांनी काचेवर वॉटर पंपाची दोन खोकी ठेवली.

“वैजू, कुठला?” आबा रस्त्याकडंच बघत म्हणाले.

मी एका खोक्यावर बोट ठेवलं. कुठल्यावर, ते आठवत नाही. जवळ होतं त्यावर.

मग पंखा आला. प्लास्टिकचा आणि लोखंडी.

“कुठला, वैजू?”

मी लोखंडी म्हटलं. मग पंखा फिरवणारा पट्टा आला. इब्राहिमभाईंनी पट्टा उलटा करून आतले दाते मला दाखवले, बोटानं दाबून दाखवला, आणि एकदम थांबून म्हणाले, “आबा, काय चालवलंय हे? पोरीची परीक्षा घेताय का? तुम्ही डोळे मिटून हात फिरवला तरी सांगाल, कुठला पट्टा किती चालंल ते. तिला बिचारीला काय कळणार?”

“गाडी तिची हाय,” आबा म्हणाले. “तिनं निवडू दे.”

एक पोरगेला ड्रायव्हर दारात उभा होता. तो हसला. वाईट मनानं हसला नसेल, पण माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. गेले कितीतरी दिवस ह्या म्हाताऱ्याच्या गप्प बसण्याभोवती मी माझं रडणं आवरून घरात वावरत होते. त्यांना त्रास नको म्हणून रात्री तोंडात पदर कोंबत होते. आणि ते मला चार परक्या पुरुषांसमोर उभं करून पट्टा कुठला आणि पंखा कुठला विचारत होते.

“मला काय विचारताय सारखं?” मी ओरडलेच. “मला ह्यातलं एक काही कळत नाही! मला ही गाडीच नको होती! तुम्हाला हवी होती ना? मग तुम्ही घ्या तिचं काय घ्यायचं ते! मी कशाला निवडू? माझा माणूस ह्याच्यात—”

तो ड्रायव्हर खाली मान घालून निघून गेला. आबा वळले. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. रागावलेला नव्हता. मार खाल्लेल्या माणसासारखा होता.

“इब्राहिम, आम्ही च्या पिऊन येतो,” ते म्हणाले.

दुकानाला लागूनच एक चहाची टपरी होती. बाकावर आम्ही दोघं बसलो. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. टपरीवाल्यानं न मागता दोन कप आणून ठेवले. तोही आबांना ओळखत असणार. त्या रस्त्यावर त्यांना कोण ओळखत नव्हतं?

मी डोळे पुसले. ओरडल्याची लाज वाटत होती. सासऱ्यांसमोर आवाज चढवायची ती माझी पहिलीच वेळ. मी म्हटलं, “चुकलं माझं, आबा.”

“तुझं न्हाई चुकलं.”

कपावर साय धरली. मग आबा आपल्या हातांकडं बघत बोलायला लागले. त्यांच्या बोटांवर तेजाबाचे जुने पांढरे डाग होते.

“गाडीचा रेडिएटर श्रावणात गळाय लागला, तुला ठावं हाय?”

“आठवतंय.”

“हणमा म्हणाला, आबा, नवा टाकू. जुना झालाय, किती सांधायचा. मी म्हटलं, माझ्या घरच्या गाडीला नवा रेडिएटर? मी जिता असताना? नाक्यावर कळलं तर लोक हसतील मला.” त्यांनी तळवा मांडीवर पुसला. “पडवीत बसून डाग दिला. दोन दिवस बसलो हुतो. चांगला दिला, वैजू. लई मन लावून दिला. पण डोळं आता पहिल्यासारखं न्हाईत. आन् हात बी.”

मी हातातला कप बाकावर ठेवला.

“लोक म्हणत्यात, धुकं हुतं म्हणून त्यानं गाडी कडंला घेतली. घेतली आसंल. पर मग नाक उघडून पाणी का घालत हुता? भरली गाडी घाट चढती, गरम हुती, ते खरं. कुठलीबी हुती. का माझा डाग सुटला? बाजीरावाला ईचारलं. त्यो म्हणतो, आबा, त्या चुऱ्यात काय बघू मी, काय कळत न्हाई. मी सोता त्यो चुरा घेऊन बसलो. बोटानं चाचपला. मलाबी कळंना. आख्खा जलम ह्येच केलं आन् मला कळंना.”

चहाच्या टपरीसमोरून एक भरलेला ट्रक गेला.

“आता ह्या दुकानात आलो की माझा हातच जात न्हाई फुडं. पंप बघितला की वाटतं, मी हात लावला तर ह्योबी जाईल. म्हणून तुला म्हटलं, तू निवड. तुझा हात चांगला हाय.”

म्हणजे सकाळपासून ते मला जे विचारत होते ते ह्यासाठी. मी मान वर करून बघू शकले नाही.

“एक ईचारू?” आबा म्हणाले. “त्या दिवशी पोफळीतनं त्याचा फोन आला हुता न्हवं? मी परड्यात हुतो. घंटी ऐकली मी. तू म्हणालीस, उशीर हुईल म्हणाले. एवढंच बोलला त्यो?”

पोफळी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. तिथल्या बूथवरून हणमंतांनी फोन केला होता. मागं हॉटेलातली गाणी ऐकू येत होती. ते म्हणाले होते, “वैजू, मला थोडा उशीर होईल. गाडी गरम होतीय. आबांनी दिलेला डाग सुटलाय. पाणी घालत घालत येतो वर, काळजी करू नको. आणि हे बघ, त्यांना काय सांगू नको हं. म्हातारा जेवायचा नाही मग. आल्यावर मी गुपचूप नवा टाकतो आणि म्हणतो, एका गिऱ्हाइकानं फुकट दिला.” आणि ते हसले होते. फोन ठेवताना हसत होते. माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे काही आहे, ते हे.

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या भावाला नाही, आईला नाही. पोलिसांनी फोनचं विचारलं तेव्हाही उशीर होईल म्हणाले एवढंच सांगितलं. पण तोवर आबांनी असं समोर बसवून विचारलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसतं बघत होते, डॉक्टरच्या दारात बसलेलं माणूस बघतं तसं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “पाइप फाटला म्हणाले.”

“काय?”

“होस पाइप. रबराचा असतो ना, तो. फाटलाय म्हणाले. त्यातून पाणी जातंय, म्हणून गाडी गरम होतीय.” दुकानात भिंतीवर काळे वाकडे पाइप टांगलेले मी आत्ताच बघितले होते. इब्राहिमभाई एका गिऱ्हाइकाला त्याचं नाव सांगत होते. दुसरं काही मला सुचलं नाही.

आबा तसेच माझ्याकडं बघत होते.

“वरचा का खालचा?” त्यांनी विचारलं.

रेडिएटरला दोन पाइप असतात हेच मला त्या घडीला कळलं. “वरचा,” मी म्हटलं.

“वरचा.”

“हो. वरचाच म्हणाले.”

आबांनी नजर काढून घेतली. गार झालेला कप उचलला, त्यावरची साय बोटानं बाजूला केली आणि एका दमात चहा पिऊन टाकला. मग म्हणाले, “व्हय. फाटला तर वरचाच फाटतो. इंजनातलं गरम पाणी वरनंच येतं न्हवं.” आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. “चल. इब्राहिम वाट बघत आसंल.”

मला वाटलं, पार पडलं. एवढं मोठं ओझं एका खोट्यानं उतरत असेल, तर असली दहा खोटी मी रोज बोलले असते.

दुकानात आल्यावर मी सरळ त्या दोन रेडिएटरांपुढं जाऊन उभी राहिले आणि तांब्याच्या रेडिएटरवर हात ठेवला.

“हा घ्यायचा,” मी म्हटलं.

“नक्की?” इब्राहिमभाईंनी विचारलं. “जड आहे, बेटा. पांढऱ्याला निगा कमी लागते.”

“असू दे. ह्याला डाग देता येतो.”

मी ते आबांना ऐकू जावं म्हणूनच म्हटलं होतं. ते त्यांनी ऐकलं. त्यांनी काचेच्या कपाटावर हात टेकला. इब्राहिमभाईंनी उगाचच पट्ट्यांची खोकी आवरायला घेतली.

मग आबा म्हणाले, “इब्राहिम, पाइप दाव. वरचा.”

आणि सकाळपासून कशाला हात न लावलेला तो माणूस पाइप निवडायला लागला. एक घेतला, दोन्ही टोकं धरून वाकवला, आतून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला. दुसरा नाकाजवळ नेऊन रबराचा वास घेतला. तिसऱ्याचं तोंड नखानं दाबून बघितलं. इब्राहिमभाई माळ्यावर चढून आणखी काढून देत होते. आबांनी दुकानातला प्रत्येक वरचा पाइप हाताळला असेल. शेवटी एक पसंत केला आणि मला दाखवून म्हणाले, “ह्यो चांगला हाय, वैजू. ह्यो न्हाई फाटायचा.”

मी मान हलवली. दुसरीकडं तोंड करून मी डोळे पुसले. ते समाधानाचं पाणी होतं, असंच मला त्या वेळी वाटलं.

रेडिएटर आणि बाकी सामान इब्राहिमभाईंच्या टेम्पोनं मागून येणार होतं. पाइप मात्र आबांनी टेम्पोत टाकू दिला नाही. परतीच्या वडापमध्ये तो मांडीवर घेऊन ते बसले होते. ह्या खेपेला ते माझ्या शेजारी बसले. उंडाळ्याच्या फाट्याला एक बाई चढली. तिनं विचारलं, “आबा, हे काय नेताय?” तर म्हणाले, “गाडीचं सामान. आमची गाडी उभी राहतीय.” कितीतरी दिवसांनी ते कुणाशी आपण होऊन बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजीरावच्या शेडमध्ये जेवणाचा डबा घेऊन गेले. आबा हातपंपावर पाणी आणायला गेले होते. बाजीराव खाली बसून सामानाची खोकी उघडत होता. त्यानं नवा पाइप उचलला आणि मला म्हणाला, “वहिनी, हा कशाला आणला? वरचा पाइप हाय की आपला.”

“कुठला?”

“गाडीचा जुना. त्याला वरखडा बी न्हाई. समदं चेपलं, पण रबरच ते, वाकलं आन् परत सरळ झालं. आबांनीच काढून घेतला पहिल्या दिवशी.” तो उठला. फळीवरून एक काळा पाइप काढून त्यानं माझ्या हातात दिला. पुसून स्वच्छ केलेला होता. “हितंच बसून धुतला त्यांनी. मग एका टोकाला बूच मारलं, आत पाणी भरलं आन् उभा धरून बसले. किती वेळ बसले विचारू नका. मी म्हटलं, आबा, ठीक हाय ना पाइप? तर म्हणाले, ठीक हाय रं, एक थेंब गळत न्हाई. आन् रडाय लागले. मला कळंना, पाइप चांगला निघाला तर रडायचं काय.”

मला मात्र कळलं. मी तो पाइप हातात घेऊन उभी होते. टपरीवर मी ‘वरचा’ म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, की मी खोटं बोलतेय. आणि मला खोटं बोलावं लागतंय, म्हणजे खरं काय आहे, तेही कळलं होतं. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मी त्यांना दिलं होतं. माझ्यासाठी त्यांनी तो थंड चहा पिऊन टाकला होता. दुकानातले सगळे पाइप वाकवून बघितले होते. मांडीवर घेऊन आले होते.

“नवाच घाला, बाजीराव,” मी म्हटलं आणि जुना पाइप फळीवर ठेवला.

आबा कळशी घेऊन आले. मी त्यांना वाढलं. ते जेवले. मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढंही कधी नाही. त्यानंतर ते चार पावसाळे जगले, एका घरात राहिलो, एकत्र जेवलो, पण तो विषय निघाला नाही. सर्जेरावनं गाडी सांभाळून चालवली. तिच्यावर माझं घर चाललं, पोरीचं शिक्षण झालं. एकदा पुढून दगड उडून रेडिएटर गळायला लागला. सर्जेराव तो काढून पडवीत घेऊन आला. आबांनी हात लावला नाही. “नाक्यावर ने,” म्हणाले. डाग द्यायचं लोखंड त्यांनी परत कधी तापवलंच नाही. माणसं घागरी घेऊन यायची, त्यांनाही ते हात जोडून परत पाठवायचे. मी तांब्याचा रेडिएटर घेतला होता तो ज्या आशेनं घेतला, त्या कामी आला नाही.

पण गाडी सुरू केली त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

सगळं सामान बसवून झालं होतं. बाजीरावला गाडीखाली शिरून कुठून गळतंय का ते बघायचं होतं. सर्जेराव अजून यायचा होता. गाडी सुरू करून, रेडिएटरात वरून पाणी ओतत राहायचं होतं, आतली हवा निघून जाईपर्यंत. बाजीराव म्हणाला, “आबा, थांबा की थोडं, सर्जा येऊ दे. पाणी मी ओततो.”

“पाणी मी ओतणार,” आबा म्हणाले. “वैजू, चढ. चावी फिरीव. गिअर काढलेला हाय, हातब्रेक वढलाय. दुसरं काय करायचं न्हाई तुला.”

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. गाडीचं नाक उघडं होतं, त्यामुळं समोरच्या काचेतून नुसता वर केलेला रंगवलेला पत्रा दिसत होता. आबा त्या पत्र्यापलीकडं, गाडी आणि शेडची भिंत ह्यांच्या मध्ये, बादली घेऊन उभे होते. मला ते दिसत नव्हते. मी चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. सगळी केबिन हादरायला लागली.

माझे दोन्ही पाय आपोआप ब्रेकवर गेले. मी सगळा जीव लावून ब्रेक दाबून धरला.

“आबा!”

“काय गं?” पलीकडून आवाज आला.

“काही नाही.”

पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. इंजिनाची गरमी दाखवणारा समोरचा काटा हळूहळू वर सरकत होता. शेडच्या मागच्या रस्त्यावरून एखादी गाडी गेली की मी आरशात बघायची.

“आबा!”

“हाय गं, हाय.”

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. मी हाक मारायची आणि ते ओ द्यायचे. एकदाही ते चिडले नाहीत. शेवटी बाजीराव खालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, “कुठंच गळत न्हाई. करा बंद, वहिनी.” मी चावी फिरवली. इंजिन थांबलं. बाजीराव म्हणाला, “उतरा आता.”

मला पाय उचलता येईनात. ब्रेकवर ते जणू चिकटले होते. बाजीरावनं दोनदा हाक मारली, मी नुसती समोरच्या पत्र्याकडं बघत होते.

आबा बादली ठेवून बाजूनं आले. केबिनचं दार उघडलं. माझे पाय बघितले. दाराच्या कडेला धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी पायरीवर चढले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“काढ पाय, पोरी,” ते म्हणाले. “म्होरं कोण न्हाई आता.”

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर पडलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. पायरीवर उभे असतानाच ते हंबरडा फोडून रडायला लागले. बाजीराव फडकं हातात घेऊन शेडमागं निघून गेला. मी पाय काढले आणि वाकून त्यांना धरलं. त्यांचा सदरा पाण्यानं भिजला होता. इतक्या दिवसांत आम्ही दोघं एकत्र रडलो ते तेव्हा.